आजींच्या घरी डीजे!

"मैना, ढोल-ताशा लाव!" आयुष ओरडला.

"मैना, अजिबात लावू नकोस!" भूमिका त्याच्याहून मोठ्याने ओरडली.

"मैना, या दोघांना बाहेर उन्हात उभं कर!" कॅरमवरची नजर न हलवता गार्गी म्हणाली.

तिपाईवरचा नारळाएवढा काळा स्पीकर निळा चमकला आणि गोड आवाजात म्हणाला, "माफ करा, मला समजलं नाही."

"तिले तरी काय समजन!" गॅलरीतून हसू आलं. "एक नोकरीन अन् तीन मालक!"

हसणारा होता अंकुशदादा. दर उन्हाळ्यात तो धरमपेठेतल्या या इमारतीतले कूलर दुरुस्त करायला येई. आत्ताही घामाने चिंब होऊन तो भूमिकाच्या घरच्या कूलरच्या तिन्ही बाजूंना वाळ्याच्या नव्या ताट्या बसवत होता. कूलर बंद असल्यामुळे घराची भट्टी झाली होती. पण त्यामुळेच आज एकमेकांचं बोलणं तरी ऐकू येत होतं! पूर्वी नागपूरच्या दुपारी फार शांत असत. दारांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारत, आणि ते ठिबकण्याचा आवाजसुद्धा माजघरात ऐकू येई. आता घरोघरी कूलर घरघरतात. शेजारच्या घरात हत्ती नाचला तरी कळायचं नाही!

शेवटी गार्गीच्या पसंतीचं गाणं लागलं. गार्गी या दोघा भावंडांची आतेबहीण. चौदा वर्षांची, बुटीबोरीला राहणारी आणि कबड्डीत मुलांनासुद्धा लोळवणारी. सुट्टीत ती मामाकडे आली की भूमिका आणि आयुष यांची भांडणं निम्म्यावर येत, कारण निम्मी तीच करी.

गाणं रंगात आलं आणि मध्येच कापल्यासारखं बंद पडलं.

"पळवलं! आजींनी गाणं पळवलं!" आयुषने कपाळावर हात मारला.

ही गंमत बाबांच्या काटकसरीची होती. वरच्या मजल्यावर रंभाआजी एकट्या राहत. त्यांच्या मुलाने पुण्याहून त्यांना असाच स्पीकर पाठवला, तेव्हा बाबांनी तो लावून दिला आणि गाण्यांच्या आपल्याच खात्याला जोडून टाकला. 'दोन घरांना एक खातं पुरे!' असं त्यांचं म्हणणं. पण त्या खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी गाणं वाजे. आजींनी वर गाणं लावलं की खालचं बंद! खाली लावलं की आजींचं बंद!

"काय लावलंय बघू तरी," म्हणत भूमिकाने बाबांचा जुना फोन उचलला. कोणत्या घरी काय वाजतंय, ते त्यावर दिसायचं. तिने पाहिलं आणि तिच्या भुवया वर गेल्या. "अगं गार्गीताई, हे बघ! आजींच्या घरी डीजे! आवाज फुल!"

"रंभाआजी आणि डीजे?"

आजींनी आयुष्यभर शाळेत गाणं शिकवलं होतं. दुपारी त्या सतार नाहीतर जुनी भावगीतं ऐकत, तीही इतकी हळू की मैनेलाच कान द्यावा लागावा! पण आता छतातून खरोखरच धम्-धम्-धम् ऐकू येत होतं.

"नाचत असतील!" आयुष म्हणाला.

"चाललोच मी वर," अंकुशदादा पाने-पकडी पिशवीत भरत म्हणाला. "त्यायच्या कूलरचा पंप पाह्यचा हाये. नाचत असन तर तुमाले हाक मारतो."

तो जिना चढून गेला. आणि हाक आलीच. पण ती नाच बघायला बोलावणारी नव्हती.

"धावा! धावा गा कोनी! आजीले मारलं!"

तिघं दोन-दोन पायऱ्या गाळत वर धावले. आजींचं दार सताड उघडं होतं. रंभाआजी जमिनीवर पडल्या होत्या. त्यांचे पांढरे केस रक्ताने लाल झाले होते आणि ते रक्त फरशीवरून ओघळत सोफ्याखाली चाललं होतं. मनगटांवर ओरखडे होते. हातातल्या सोन्याच्या पाटल्या गायब होत्या! अंकुशदादा गुडघ्यांवर बसून टॉवेलने त्यांचं डोकं दाबून धरत होता. त्याचे हात कोपरांपर्यंत रक्ताने माखले होते. आणि या सगळ्यावर तो डीजे भिंती हादरवत कोकलत होता.

"मैना, बंद कर!" भूमिका किंचाळली. मैनेला ऐकू जाईना. शेवटी तिने हातातल्या फोनवरूनच गाणं बंद केलं.

"काय झालं?" मागून आवाज आला. दारात हेमराज उभा होता. हेमराज म्हणजे तळमजल्यावरच्या वामनकाकांचा पुतण्या. वामनकाका इमारतीचे सेक्रेटरी. हेमराज मिहानमधल्या कंपन्यांत नोकरी शोधायला आला होता. सकाळभर व्यायामशाळेत दंड फुगवायचे आणि दुपारभर मोटरसायकल पुसायची, एवढाच त्याचा उद्योग!

त्याने आजींकडे पाहिलं, अंकुशकडे पाहिलं आणि क्षणात झडप घातली.

"चोर! पकडला साल्याले! काका, वर या! चोर!"

"मी नाई गा! मी तं आत्ता..." अंकुशचं वाक्य पुरं झालं नाही. हेमराजची मूठ त्याच्या तोंडावर बसली. त्याने त्याला केसांना धरून फरफटत जिन्यात आणलं आणि प्रत्येक दारावर लाथा मारत खाली नेलं. दारं उघडली. झोपेतून उठलेली माणसं बाहेर आली. रक्ताने माखलेले हात पाहिले आणि कोणी काही विचारलंच नाही!

मारायलाच लागले सगळे!

रोज सकाळी तुळशीला पाणी घालणारी माणसं, गणपतीत मोदक वाटणारी माणसं! कोणी चपलेने मारलं, कोणी बादलीने. वामनकाका हातातली काठी सपासप चालवत होते. अंकुश डोकं दोन्ही हातांत लपवून अंगणात गोळा होऊन पडला होता. "काहून मारता गा? मी काई नाई केलं!" एवढंच ऐकू येत होतं. मग तेही थांबलं.

"तो आमच्याकडे होता!" भूमिका गर्दीच्या पाठींवर बुक्क्या मारत ओरडत होती. "गाणं बंद पडलं तेव्हा तो आमच्या गॅलरीत होता!"

"पोरांना घरात न्या रे!" कोणीतरी तिला बाजूला ढकललं.

गार्गी गर्दीच्या पायांतून आत घुसली. तिने अंकुशला झाकायचा प्रयत्न केला, तेव्हा एक लाथ तिच्या खांद्याला लागली. तिच्या डोळ्यांसमोर हेमराजने अंकुशचा उजवा हात पायरीवर धरला आणि त्यावर बूट दाबला. वाळकी काडी मोडावी तसा कट्कन आवाज झाला. गार्गीला तो कधीच विसरता येणार नव्हता.

पोलिस आले. आजींना दवाखान्यात नेलं आणि अंकुशला सरकारी दवाखान्यात. फरक एवढाच, की त्याच्या खाटेजवळ शिपाई बसवला.

संध्याकाळी तिघांनी बाबांना सगळं सांगितलं. बाबा खिडकीकडे तोंड करून ऐकत राहिले. "पोलिस बघतील," ते म्हणाले. "तुम्ही लहान आहात. यात पडू नका."

"पण बाबा, पाटल्या त्याच्याकडे सापडल्याच नाहीत!"

"साथीदाराला दिल्या असतील म्हणतात सगळे. आता पुरे, भूमिका!"

तेवढ्यात फाटकाशी आरडाओरडा झाला. तिघं गॅलरीत धावले. एक काळीसावळी, किडकिडीत बाई फाटकाचे गज धरून उभी होती. ती अंकुशची आई होती, कांताबाई.

"माह्या पोरानं उभ्या जन्मात कोनाच्या झाडाचा आंबा नाई तोडला, साहेब! त्याचा हात कामातून गेला, डाक्टर म्हन्ते. जेलात गेला तं जीवच देईन तो. कोनी तं सांगा, तुमी पाह्यलं काय त्याले आजीले मारताना?"

"निघ इथून!" हेमराज फाटकापाशी आला आणि त्याने फाटक जोरात लोटलं. ते कांताबाईंच्या कपाळावर आदळलं. त्या मागे रस्त्यावर पडल्या. हातातला जेवणाचा डबा उघडून भाकर धुळीत पडली. हेमराजने तो डबा लाथेने नालीत उडवला.

गॅलऱ्यांमध्ये माणसं उभी होती. एकेक करून ती दारं लावून आत गेली.

गार्गी खाली धावली. तिने कांताबाईंना उठवलं आणि आपल्या ओढणीने त्यांचं कपाळ पुसलं. "मावशी," ती म्हणाली, "आम्हाला माहीत आहे, त्याने नाही मारलं. आम्ही सिद्ध करू!"

"तुमी? तुमी तं लेकरं हा वं!"

"मोठ्यांचं पाहिलं ना आज!" गार्गी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत तिघांची सभा भरली.

"मैना आपलं बोलणं जपून ठेवते," भूमिका म्हणाली. "बाबांनी एकदा दाखवलं होतं. कोणी काय सांगितलं, ते फोनवर पुन्हा ऐकता येतं. आजींच्या मैनेलाही कोणीतरी डीजे लावायला सांगितलंच असणार!"

तिने फोनवर शोधलं. सापडलं! तिघांनी डोकी एकत्र आणली. आधी कूलरची प्रचंड घरघर, मग आजींचा आवाज, "अरे, सोड! हात सोड माझा!" आणि त्यावर एक दबका पुरुषी आवाज, "मैना, डीजे लाव! फुल!"

आयुषने दोन्ही हात कानांवर ठेवले.

"आजी ओरडत होत्या," गार्गी म्हणाली. "ते कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून गाणं लावलं. आणि आपण खाली हसत होतो!"

ते तडक वामनकाकांकडे गेले. वामनकाका चहा पीत होते आणि हेमराज समोर बसून नखं कापत होता. भूमिकाने फोन वाजवून दाखवला.

"हॅ! नुसती कूलरची घरघर आहे," वामनकाकांनी हात उडवला. "त्यात तो अंकुश्याच बोलत असेल. सेक्रेटरी मी आहे की तुम्ही? जा, खेळा!"

पण भूमिका वामनकाकांकडे पाहतच नव्हती. हेमराजचा नखं कापणारा हात थांबला होता.

जिन्यात आल्याबरोबर ती कुजबुजली, "गार्गीताई, काल तो दारात आला तेव्हा त्याचा शर्ट आठवतो? उजवी बाही कोपराच्या वरपर्यंत ओली होती. बाकी शर्ट कोरडा!"

"मग? या उन्हात लोक डोक्यावर पाणी ओततात."

"डोक्यावर! एका हातावर कोण ओततं?"

आयुष ओरडलाच, "कूलर! कूलरच्या टाकीत हात घातला त्याने! पाटल्या टाकीत टाकल्या!"

गार्गीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. पण तिचे डोळे चमकले. सगळं जुळत होतं. अंकुश जिना चढताना दिसला, तेव्हा हेमराजला पळायला वेळ उरला नाही. त्याने मागच्या गॅलरीत जाऊन पाटल्या कूलरच्या पाण्यात टाकल्या. अंकुश आजींपाशी वाकला, तसा हेमराज भिंतीमागून दाराबाहेर निसटला. आणि मुलं धावत आली, तेव्हा वरच्या जिन्याच्या वळणावरून उतरून वीर बनला!

"चल, काढू या पाटल्या!" आयुष निघालाच.

"थांब, बावळटा!" भूमिकाने त्याची कॉलर धरली. "कूलरच्या टाकीत पाटल्या सापडल्या, तर लोक काय म्हणतील? कूलरवाल्यानेच ठेवल्या! अंकुशदादा आणखी अडकेल. त्या पाटल्या हेमराजच्याच हातात सापडायला हव्यात."

आजींच्या घराला कुलूप होतं. एक किल्ली सेक्रेटरी म्हणून वामनकाकांकडे आणि एक तुळशीला पाणी घालायला भूमिकाच्या आईकडे.

जेवणाच्या वेळी हेमराज अंगणात मोटरसायकल पुसत होता. भूमिका त्याच्या डोक्यावरच्या गॅलरीत आली आणि खालच्या आयुषला हाक मारून म्हणाली, "आयुष! संध्याकाळी खेळायला जाऊ नकोस. आई म्हणाली, आजींच्या कूलरची टाकी रिकामी करायची आहे. पाण्यात डास होतात!"

"मी नाही! मला घाण वाटते!" आयुषने ठरल्याप्रमाणे नाक मुरडलं.

हेमराजचं फडकं मोटरसायकलच्या एकाच जागी फिरत राहिलं.

दुपार झाली. रस्ते ओस पडले. कुत्रीसुद्धा गाड्यांखाली शिरली. सगळे कूलर एका सुरात घरघरायला लागले आणि इमारत झोपली.

बेत सोपा होता. हेमराज आत गेला की गार्गीने बाहेरून कडी घालायची. भूमिकाने जिन्यातून, फोनवरून आजींच्या मैनेवर डीजे लावायचा. सगळी इमारत धावत येईल आणि चोर पाटल्यांसकट सापडेल! आयुषने खाली, विजेच्या मीटरांच्या फळीपाशी पहाऱ्याला थांबायचं.

हेमराज आला. अनवाणी, हातात लोखंडी पाना. कुलूप उघडून आत गेला. त्याला टाकीत हात घालायला वेळ देऊन गार्गी मांजरीच्या पावलांनी दारापाशी गेली आणि कडीला हात लावला. कडी गंजलेली होती. ती कुरकुरली!

दार धाडकन उघडलं. हेमराजने तिची वेणी पकडली आणि तिला आत खेचून दार लावून घेतलं.

भूमिकाने फोनवरचं बटण दाबलं. दाराआड डीजे गडगडला. धम्-धम्-धम्! आता येतील सगळे! ती वाट पाहत राहिली. कोणी येईना. तिने शेजारच्या दारावर दोन्ही मुठी आपटल्या. आत कूलर घरघरत होता. कोणी उठेना!

आत गार्गी लढत होती. हेमराजने तिला भिंतीवर आदळलं. तिचा ओठ फुटला, तोंडात रक्ताची चव आली. तिने कबड्डीत धरतात तसा त्याचा घोटा धरून ओढला. तो पडला आणि पडता पडता त्याने तिच्या पोटात लाथ मारली. तिचा श्वासच अडकला. तो उठला. त्याच्या ओल्या मुठीत पाटल्या होत्या.

"मैना, बंद हो!" तो ओरडला. डीजे क्षणभर थांबला, आणि बाहेरून भूमिकाने तो पुन्हा लावला. "बंद हो म्हन्तो न!" आता मैनेला त्याचं काही ऐकूच जाईना.

जिन्यात भूमिकाला रडू फुटत होतं. कसं उठवायचं या लोकांना? आग लागली म्हणावं? तेही ऐकू जाणार नाही! नागपुरात दुपारी माणूस घराबाहेर येतो तो एकाच कारणासाठी...

लाईट गेली की!

ती कठड्यावरून अर्धी खाली वाकली. "आयुष! मेन स्विच! पाड!"

"काय?"

"मेन स्विच पाड! सगळ्या इमारतीचं!"

आयुषचा हात पुरेना. त्याने वामनकाकांची चपलांची पेटी ओढली, तीवर चढला आणि दोन्ही हातांनी स्विच खाली खेचला.

एकदम सगळे कूलर थांबले. पंखे थांबले. कूलरच्या पाठोपाठ सगळीकडून एकच आवाज आला, "अरे, लाईट गेली!" दारं उघडू लागली. कोणी पदराने वारा घेत गॅलरीत आलं, कोणी उघडंबंब जिन्यात. रोजच्यासारखंच!

आजींच्या घरी मात्र इन्व्हर्टर होता. स्पीकर आणि वाय-फाय त्यावर चालू होते आणि डीजे गर्जतच होता. दाराआड हेमराजही त्या डीजेच्या वर आवाज काढून गार्गीवर ओरडत होता. कूलर थांबल्याचं त्याच्या ध्यानातच आलं नाही.

भूमिकाने अंगठा फोनवर ठेवला. लोक अजून डोळे चोळत होते. थोडं थांब, तिने स्वतःला बजावलं. आणि आत गार्गी किंचाळली, तेव्हा तिने गाणं बंद केलं.

सगळी इमारत शांत झाली आणि त्या शांततेत हेमराजचा आवाज, गच्चीपासून फाटकापर्यंत, घंटेसारखा घुमला.

"...त्या म्हातारीच्या डोक्यात हाच पाना घातला मी! ते ओरडली तं हाच डीजे लावला, कोनाच्या बापाले ऐकू आलं नाई! तुलेबी कोन ऐकते? आँ? कोन ऐकते?"

सगळे ऐकत होते.

दारापलीकडे हेमराजलाही ते कळलं असावं. तो एकदम गप्प झाला.

"गार्गी!" बाबा तीरासारखे वर धावले. त्यांनी आणि शेजारच्या दोघांनी दाराला खांदे दिले. दुसऱ्या धडकेला कडी निखळली. झटापटीत दोघं मागच्या गॅलरीतल्या कूलरपाशी पोचली होती. हेमराजने पाना उगारला होता. गार्गीने तेवढ्यात कूलरची पाण्याने भिजलेली जड ताटी उपटली आणि दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावर हाणली. तो मागे सरकला, ओल्या फरशीवर घसरला आणि त्याचं डोकं कूलरच्या पत्र्यावर दणकन आपटलं. त्याच्या मुठीतून पाटल्या सुटल्या आणि घरंगळत वामनकाकांच्या पायांपाशी येऊन थांबल्या.

वामनकाकांनी पाटल्यांकडे पाहिलं, पुतण्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. मग त्यांनी काठी उगारली. त्यांच्यामागून आणखी हात वर झाले, आणखी चपला निघाल्या.

"मारा हरामखोराले!"

"हात लावू नका!" गार्गी ओरडली. हनुवटीवरून रक्त गळत होतं, तरी ती हेमराजच्या आणि त्या सगळ्यांच्या मध्ये उभी राहिली. "काल मारून काय मिळालं? पोलिसांना बोलवा!"

काठी हळूहळू खाली आली. पोलिस येईपर्यंत कोणी हलायला धजलं नाही. आयुषने मात्र तेवढ्यात विचारलं, "स्विच वर करू का आता? मला घाम येतोय!"

रंभाआजी शुद्धीवर आल्या आणि त्यांनीही हेमराजचंच नाव सांगितलं. पाणी मागायच्या निमित्ताने तो घरात शिरला होता. अंकुशच्या खाटेजवळचा शिपाई उठून गेला. पुढच्या रविवारी इमारतीतले सगळे सरकारी दवाखान्यात अंकुशला भेटायला गेले. वामनकाकांनी मुलांसाठी शाली आणि नारळ आणले होते.

खाटेवरच्या अंकुशचा हात प्लास्टरमध्ये होता. एक डोळा अजून सुजून मिटलेला. उशाशी कांताबाई बसल्या होत्या. चाकांच्या खुर्चीतून रंभाआजीही आल्या होत्या, डोक्याला पांढरी पट्टी बांधून.

वामनकाकांनी घसा साफ केला. "या तीन मुलांनी जे धैर्य आणि जी बुद्धिमत्ता दाखवली, ती आपल्या इमारतीला भूषणावह आहे. म्हणून शाल, श्रीफळ देऊन..."

"काका, या उन्हात शाल?" गार्गी टाके घातलेल्या ओठांनी म्हणाली. जो तो हसला.

"भाषण ठेवा, वामनराव," रंभाआजी म्हणाल्या. "चाळीस वर्षं मुलांना गाणं शिकवलं मी. आधी ऐकायला शिका, मग गा, असं घसा फोडून सांगायचे. या तिघांनी ऐकलं. कान मोठ्यांनाही होते!"

हसू विरलं. तेव्हा कांताबाई उठल्या.

"मले फकत एक पाह्यचं हाये," त्या शांतपणे म्हणाल्या. "माह्या पोरावर ज्यायनं ज्यायनं हात टाकला, त्यायनं एकडाव हात वर करा."

कोणी फळांच्या पिशवीकडे पाहू लागलं, कोणी छताकडे. मग वामनकाकांचा हात वर गेला. त्यांच्यामागे दुसरा. मग कोपऱ्यातला, मग दाराजवळचा.

भूमिकाच्या अगदी शेजारी शर्टाची बाही सळसळली. तिने वर पाहिलं. तो हात बाबांचा होता.

"बाबा? तुम्ही?"

"एकदाच," बाबा पुटपुटले. त्यांना तिच्याकडे पाहता येईना. "पाठीत. सगळे मारत होते, म्हणून..."

भूमिकाने त्यांच्यापासून आपला हात सोडवून घेतला. ती चालत खाटेपलीकडे गेली आणि कांताबाईंच्या बाजूला उभी राहिली. आयुष तिच्यामागे गेला. गार्गी आधीच तिथे होती.

अंकुश उरलेल्या एका डोळ्याने एकेक चेहरा पाहत होता.

"घ्या खाली हात," शेवटी तो म्हणाला. "मले तुमची तोंडं पाह्यची होती. त्या वक्ती डोयात रगत होतं, कोनीच दिसलं नाई."

कांताबाईंनी तिन्ही मुलांना जवळ ओढलं. त्यांच्या चेहऱ्यांवरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "माहे वाघ हायेत हे," त्या म्हणाल्या. "माहे तीन वाघ!"

पलीकडच्या बाजूला सगळे घोळक्याने उभे होते. त्यातून बाबा एकटे निघाले. खाटेला वळसा घालून आले आणि अंकुशच्या पायांपाशी, दवाखान्याच्या उघड्या फरशीवर बसले.